बांधावरची मध्यस्थी: पहिल्या अर्जापासून पहिल्या पावसापर्यंत

मृग जवळ आला की आमच्या मध्यस्थी केंद्रात येणारी माणसं वाढतात. नांगरट झालेली असते, बी-खत घरात येऊन पडलेलं असतं, ट्रॅक्टरवाल्याची वेळ मिळालेली असते, आणि नेमक्या त्याच सकाळी शेताच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसतात. सामुदायिक मध्यस्थीचं काम कसं चालतं हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर आम्ही शेतरस्त्याचंच प्रकरण समोर ठेवतो. त्यात नातं असतं, जमीन असते, कागद असतो, हंगामाची घाई असते. आणि आमच्या हातून काही चुकलं तर ते पुढच्या पेरणीला सगळ्या गावाला दिसतं.

पहिल्यांदा नेहमी एकच बाजू येते. हातात सातबारे, फेरफार, जुन्या पावत्या भरलेली पिशवी असते, आणि त्या माणसाला निकाल हवा असतो. तेव्हा सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की इथे निकाल मिळत नाही. गावातल्या जुन्या बैठकीत चार मोठी माणसं ऐकून घेत आणि शेवटी 'असं करा' म्हणत. आम्ही ते म्हणत नाही. रस्ता कुणाचा हे ठरवायचा अधिकार आम्हाला नाही, आणि असता तरी तो वापरून वाद मिटला नसता. दोन्ही घरांना झेपेल असं काही त्यांच्याच तोंडून बाहेर यावं म्हणून बैठक लावायची, तिथली शिस्त राखायची आणि जे ठरेल ते नीट कागदावर आणायचं, एवढंच आमचं काम. हे ऐकून काहीजण पिशवी उचलून निघून जातात. त्यांना अडवू नये. निकालाच्या आशेनं बसलेला माणूस तिसऱ्या बैठकीत उठून जातो, आणि तोवर दुसऱ्या घराचे दोन दिवस वाया गेलेले असतात.

जो थांबतो त्याची एकपानी नोंद होते. दोन्ही कुटुंबांची नावं, गट क्रमांक, रस्ता केव्हापासून वापरात होता, कोणत्या दिवशी अडवला, तहसीलमध्ये किंवा पोलिसांत काही दिलं आहे का, दावा चालू आहे का, आणि येत्या दोन महिन्यांत रस्ता कशाकशासाठी लागणार आहे. कोण चुकलं असा रकाना त्या पानावर नाही. 'तक्रारदार' आणि 'गैरअर्जदार' हे शब्दही आम्ही वापरत नाही. ते एकदा कागदावर चढले की समोरच्या घरचा माणूस पहिल्याच ओळीत आरोपी होऊन बसतो.

या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रस्ता अडवल्याची तारीख. वापरातला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मध्यस्थीत सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. बोलणी चांगली चालली आहेत म्हणून माणूस थांबतो, चौथ्या महिन्यात बोलणी अडखळतात, सातव्यात तुटतात, आणि तहसिलाचं दार तोवर बंद झालेलं असतं. समोरच्यानं हे मुद्दाम केलेलं असो वा नसो, दोष केंद्राचाच. म्हणून पाचवा महिना लागण्यापूर्वी आम्ही संबंधिताला स्पष्ट सांगतो: मुदत जपण्यासाठी अर्ज देऊन ठेवा, बैठक चालू राहील. समोरच्या घरालाही तेच सांगतो, म्हणजे नोटीस मिळाल्यावर पाठीमागून वार केला असं कुणाला वाटत नाही. वापरात नसलेला, नव्यानंच बांधावरून हवा असलेला रस्ता असेल तर ते प्रकरण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ चं. तिथली चौकशी वेगळी. दोन्हींची गल्लत करणारे अर्ज फार दिसतात, आणि तहसिलात ते त्याच कारणासाठी पडून राहतात.

काही प्रकरणं आम्ही घेतच नाही. घरातली मारहाण, बालकांवरचे अत्याचार, ॲट्रॉसिटीचा गुन्हा, लैंगिक अत्याचार: इथे समोरासमोर बसवणं म्हणजे दुबळ्या बाजूवर आणखी एक दडपण आणणं. अशा माणसाला विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाकडे आणि पोलिसांकडे पोचवायचं, आणि एकटं पाठवायचं नाही. तसंच, तडजोडीत 'समाजातून बाहेर', 'कार्याला बोलवायचं नाही', 'पाणी बंद' असलं काही येऊ लागलं की बैठक तिथल्या तिथे थांबते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जातपंचायत आणि सामुदायिक मध्यस्थी बाहेरून सारख्या दिसू शकतात, दोन्हीकडे सतरंजी, चहा आणि वडीलधारी माणसं असतात. फरक कळायला एक प्रश्न पुरतो: इथून उठून गेलं तर काही भोगावं लागेल का? आमच्याकडे उत्तर 'नाही' असलंच पाहिजे, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही घरांना मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

मग दुसऱ्या घराकडे जायचं. या पायरीवर जितकी प्रकरणं मोडतात तितकी बैठकीत मोडत नाहीत. शिक्क्याच्या कागदावर पत्र पाठवलं की ते नोटिशीसारखं वाचलं जातं, आणि नोटिशीचं उत्तर वकिलाकडून येतं. म्हणून पहिल्या खेपेला दोघेजण प्रत्यक्ष जातात, संध्याकाळी धारा काढून झाल्यावर, जेवणाच्या आधी. पोलीस पाटलांना सोबत नेत नाही. निवडणुकीत विरुद्ध पॅनेलमध्ये असलेला माणूस तर मुळीच नाही. चावडीवर किंवा दुकानापाशी विषय काढत नाही. सांगायचं ते थोडक्यात: अमुक घरचे आले होते, रस्त्याबद्दल बोलले, आम्ही काहीही ठरवलेलं नाही, तुमची बाजू तुमच्याकडूनच ऐकायची आहे, यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पहिल्या घरानं काय आरोप केले हे विचारलं तरी सांगत नाही. 'नाना, ते तुम्हीच समोर बसून विचारा' एवढंच.

पहिल्या खेपेला होकार क्वचित मिळतो. आठवड्याच्या अंतरानं अशा तीन खेपा करतो. तिसऱ्यांदाही नकार आला तर पहिल्या घराला तसं कळवून प्रकरण बंद. नकाराचं कारण नोंदवत नाही, कारण मध्यस्थीला बसणं ही कुणाची जबाबदारी नाही.

दोन्ही घरं तयार झाली की आधी वेगवेगळ्या बैठका होतात. प्रत्येकाला तासभर. पहिला अर्धा तास फक्त ऐकायचं, आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. 'म्हणजे तात्या, ट्रॅक्टर गेल्याचं दुःख नाही, न विचारता गेला याचं आहे, असं मी समजलो. बरोबर का?' चूक असेल तर ते दुरुस्त करतात, आणि त्या दुरुस्तीत खरी गोष्ट सापडते. रस्त्याच्या वादाखाली बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं: उभ्या पिकातून गेलेली ट्रॉली, बांधावरचं विचारल्याशिवाय तोडलेलं आंब्याचं झाड, आजोबांच्या वाटणीत लहान भावाला मिळालेला खडकाळ तुकडा, लग्नात न दिलेला मान. हे सगळं सोडवायची गरज नसते. पण ते ऐकलं गेलं नाही तर रस्त्याच्या रुंदीवरची चर्चा पुढे सरकत नाही.

दुसऱ्या अर्ध्या तासात विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. रस्ता वर्षातून किती वेळा लागतो? कशासाठी, बैलगाडी, ट्रॅक्टर, ऊस वाहणारी ट्रॉली की मळणी यंत्र? रस्ता दिला तर तुमचं नेमकं काय जातं? नाही दिला तर काय मिळतं? आणि शेवटचा, सगळ्यात उपयोगी: तुमच्या घरात यावर सही करायला कुणाकुणाला विचारावं लागेल?

या शेवटच्या प्रश्नासाठी आधीच ताजा सातबारा काढून बसायचं. शेत कसतो थोरला मुलगा, बैठकीला येतात वडील, आणि सातबाऱ्यावर वारसांची सात नावं, त्यात परगावी दिलेल्या दोन बहिणी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी बहिणींना बोलावलं जात नाही. मग तीन भावांच्या सह्यांवर तडजोड होते, पेढे वाटले जातात, आणि फेरफाराच्या वेळी तलाठ्याची नोटीस बहिणीला गेली की हरकत येते. ती हरकत रास्त असते. आम्ही आता सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाशी बोलल्याशिवाय एकत्र बैठकीची तारीख देत नाही. फोनवर तरी बोलतोच. 'ताई, तुमचं नाव आहे, तुमचं म्हणणं सांगा,' एवढं विचारलं जाणंच काहीजणींना वर्षानुवर्षांत पहिल्यांदा घडत असतं.

त्यानंतर बांधावर जायचं. ही पायरी गाळून खोलीत बसलेली मध्यस्थी शेतरस्त्याच्या प्रकरणात टिकत नाही, असं आमचं ठाम मत झालं आहे. सोबत तीस मीटरचा टेप, गावनकाशाची प्रत, चुन्याची पिशवी, दहा-बारा खुंट्या. वेळ सकाळची, आणि दोन्ही घरांचे प्रत्येकी दोघेच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे एकत्र चालतात. मध्येच 'इथून पुढे काय बघायचं' असं कुणी म्हणालं तरी चालायचंच. अडचण बहुधा त्याच न पाहिलेल्या टोकाला असते: ओढ्याचा काठ, वळणाला आलेली विहीर, विजेच्या खांबाचा ताण.

गावनकाशात तुटक रेषेनं दाखवलेली वाट असेल तर वादाचा अर्धा भाग तिथेच संपतो. एका तुटक रेषेची पायवाट सव्वाआठ फूट आणि दुहेरी तुटक रेषेचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट असं जुन्या मोजणीचं माप आहे. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, हे जुन्या माणसांना अजून तोंडपाठ असतं. त्यांच्याशी त्याच मापात बोललं की चर्चा सोपी होते.

पण बऱ्याच बांधांवर नकाशात काहीच नसतं. तिथे आम्ही हिशोब जागेवरच मांडतो. बांध ३३० फूट लांब आहे. रस्ता आठ फुटांचा हवा, तर दोन्हीकडून चार-चार फूट. एका घराचे ३३० गुणिले ४, म्हणजे १३२० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या थोडं आत. 'माझी जमीन चालली' या शब्दांत जी भीती असते, ती सव्वा गुंठा हा आकडा चुन्यानं आखून पाहिल्यावर बहुतेकदा कमी होते. कधी वाढतेही. वीस गुंठ्यांच्या धन्याला सव्वा गुंठा फार असतो, आणि मग तो रस्ता सगळा मोठ्या खातेदाराच्या बाजूनं घेऊन बदल्यात दुसरीकडे काही देता येतं का हे पाहावं लागतं. माप आधी आणि मन वळवणं नंतर, हा क्रम आम्ही उलटू देत नाही.

रुंदीत दोन चुका नेहमीच्या. पहिली, ट्रॅक्टरच्या चाकांपुरतीच जागा धरायची. भरलेली ट्रॉली वळणावर बाहेर झुकते, म्हणून आठ फुटांच्या सरळ रस्त्याला कोपऱ्यावर बारा-तेरा फूट लागतात, आणि तेवढी जागा मिळाली नाही की पहिल्याच हंगामात शेजारच्या कपाशीच्या दोन ओळी चाकाखाली जातात. दुसरी चूक पाण्याची. बांधाची माती रस्त्यात दाबली गेली की पावसाचं पाणी अडायचं थांबतं आणि खालच्या रानात घुसतं. नळी कुठे टाकायची, किती इंची, खर्च कुणाचा, हे त्याच दिवशी खुंटी ठोकून ठरवावं.

हद्दच मान्य नसेल तर मात्र आमचा टेप कामाचा नाही. तिथे भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी हवी. तिचा अर्ज दोन्ही घरांनी मिळून करावा आणि फी निम्मी-निम्मी भरावी, अशी आम्ही आधी लेखी समजूत करून घेतो. एकट्यानं आणलेल्या मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे हद्दी दाखवणाऱ्या नकाशावर, दुसरा विश्वास ठेवत नाही, तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागतो आणि वर्ष जातं.

एवढं झाल्यावर एकत्र बैठक. जागा शाळेची खोली किंवा वाचनालय. कुणाच्या घरी नाही, देवळात नाही. देवळात शपथेवर गोष्टी जातात आणि शपथ घ्यायला नकार देणारा खोटा ठरतो. तीन मध्यस्थ, त्यात एक तरी बाई, आणि तिघांपैकी कुणीही दोन्ही घरांच्या भावकीतला नाही. बसण्याची मांडणी गोलात. दोन घरं एकमेकांच्या अगदी समोर येणार नाहीत अशी. मधोमध गावनकाशा आणि जागेवरची मापं लिहिलेला कागद, म्हणजे बोलताना नजर माणसावरून कागदावर येते. प्रत्येक बाजूची चारच माणसं. तरणी पोरं बाहेर थांबलेली असतील तर त्यांनाही आत एक खुर्ची द्यावी, नाहीतर आत ठरलेलं बाहेर मोडतं.

नियम तीनच सांगतो. एकानं बोलताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, मेलेल्या माणसांना बोल लावायचा नाही, आणि इथलं बोलणं कुणी कोर्टात पुरावा म्हणून न्यायचं नाही. मोबाईल बंद, रेकॉर्डिंग नाही. आमची स्वतःची टिपणं प्रकरण संपल्यावर दोन्ही घरांसमोर फाडतो. गोपनीयतेचा नियम नसेल तर 'चार फूट देईन' हे वाक्य कुणीही तोंडातून काढणार नाही, कारण उद्या तेच कबुलीजबाब म्हणून पुढे येईल अशी धास्ती असते.

बैठक दोन तासांच्या वर नेत नाही. आवाज चढला तर थांबवण्यापेक्षा वेगळं बसवतो, पंधरा मिनिटं या खोलीत एक मध्यस्थ, त्या ओसरीत दुसरा. चहा शेवटी न ठेवता मधेच. एकत्र चहा पिऊन झाल्यावर पुन्हा त्याच आवाजात भांडणं माणसाला जड जातं. आणि शांतता पसरली तर ती भरून काढायची घाई मध्यस्थानं करू नये. नव्या मध्यस्थाला चाळीस तासांचं प्रशिक्षण मिळालेलं असतं, सगळी तंत्रं पाठ असतात, तरी ही गोष्ट जमायला फार वेळ लागतो. मिनिटभर कुणी काही बोलत नाही, आणि मग थोरला भाऊ म्हणतो, 'ऊस जाईपर्यंत थांब, मग बघू.' तो पहिला प्रस्ताव असतो.

विहिरीच्या पाण्याची प्रकरणं पुष्कळदा याच बैठकीत जोडून येतात, कारण एकाचा रस्ता असतो तिथे दुसऱ्याची पाइपलाइन असते. सामाईक विहिरीत आठ आणे, चार आणे असे हिस्से असतात आणि पाळी ठरलेली असते: सोमवार-मंगळवार याचे, बुधवार-गुरुवार त्याचे. ही पाळी मोडते ती विजेमुळे. शेतीची वीज आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री, त्यातही मधे जाते. एकाच्या दोन दिवसांत वीज चार तासच राहिली तर तो तिसऱ्या दिवशी मोटार सोडत नाही, आणि भांडण सुरू. यावर आम्हाला चाललेला तोडगा म्हणजे पाळी वारांवर न लिहिता मोटार प्रत्यक्ष चाललेल्या तासांवर लिहायची. स्टार्टरच्या पेटीत तास मोजणारा छोटा मीटर बसतो, आकडा दोघांनी एका वहीत टिपायचा. सोळा तास झाले की पाळी बदलली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ झाल्यापासून बिलाचा वाद कमी झाला, पण मोटार जळाल्यावर वाइंडिंगचा खर्च कुणाचा, हा उरलाच. तो आणेवारीप्रमाणे, ज्याच्या पाळीत जळली त्याच्यावर नाही, असं लिहिलेलं बरं. नाहीतर मोटार गरम झाल्याचं दिसूनही जो तो ती दुसऱ्याच्या पाळीपर्यंत ढकलतो.

शहरातल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये गळतीचं प्रकरण असंच जागेवर सुटतं. वरच्या बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास उभं करायचं आणि खालच्या छतावर ओल वाढते का ते दोघांनी मिळून पाहायचं. आदर्श उपविधींप्रमाणे संडास-मोरीची अंतर्गत गळती सदनिकाधारकाची, गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची संस्थेची; गळती कुठली हे एकदा दोघांनी डोळ्यांनी पाहिलं की खर्चावर वाद फारसा उरत नाही.

आता कागद. आमचं सगळ्यात जास्त कष्टाचं काम हेच, आणि तडजोडी फुटतात त्याही इथेच. 'दोन्ही पक्षांनी सामोपचारानं वागावं आणि रस्ता द्यावा' असं वाक्य असलेला करारनामा आम्ही मोडीत काढतो. वाक्य कसं हवं ते पाहा: 'गट क्रमांक अमुकच्या दक्षिण बांधालगत, पश्चिमेच्या लिंबाच्या झाडापासून पूर्वेच्या ओढ्यापर्यंत ३३० फूट लांब व ८ फूट रुंद, पूर्वेच्या वळणावर १३ फूट, असा रस्ता दोन्ही घरं वर्षभर खुला ठेवतील.' मग पुढची कलमं. कुणाच्या गाड्या, कुणाच्या नाहीत. उभ्या पिकाच्या वेळी आदल्या दिवशी कळवायचं, कुणी, कुणाला. मुरूम किती ट्रॉल्या, पैसे कसे वाटून, कोणत्या तारखेपर्यंत. नळी किती इंची. बांधावरच्या झाडांची फळं पूर्वीप्रमाणे कुणाची. जमीन पुढे विकली तर खरेदीखतात या रस्त्याचा उल्लेख कोण करेल. आणि शेवटचं, जे लिहायला दोन्ही घरं नेहमी टाळाटाळ करतात: पुन्हा अडचण आली तर तहसील वा पोलिसांत जाण्याआधी सात दिवसांत याच तिघांकडे यायचं.

शब्द त्यांचेच ठेवतो. 'वापराचा अधिकार' ऐवजी 'ये-जा'. तारीख इंग्रजी महिन्याची, सोबत 'अक्षय्य तृतीयेपर्यंत' असंही लिहितो, कारण शेतात तोच दिवस लक्षात राहतो. मसुदा मोठ्यानं दोनदा वाचायचा, एकदा पुरुषांसमोर आणि एकदा घरातल्या बायकांसह सगळ्यांसमोर. दुसऱ्या वाचनात हमखास काहीतरी निघतं: 'गोठ्याचं दार त्याच बाजूला आहे, गुरं कुठून न्यायची?' ते घालायचं आणि पुन्हा लिहायचं. सह्या त्याच दिवशी घेत नाही. कागद दोन रात्री दोन्ही घरांत राहू देतो. या दोन रात्रींत मोडणारी तडजोड पुढे कधीतरी मोडणारच होती.

सह्या झाल्या म्हणजे कागद कायद्यानं पक्का झाला असं नाही, आणि हे लपवून ठेवणं ही फसवणूक आहे. मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्ये कलम ४३ आणि ४४ सामुदायिक मध्यस्थीची आहेत: दोन्ही बाजूंची आधी संमती, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, तीन मध्यस्थांचं पॅनेल, लेखी तडजोड, न जमल्यास तसा अहवाल. पण त्याच कलमात स्पष्ट म्हटलं आहे की ही तडजोड परिसरातली शांतता राखण्यासाठी आहे, दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी तिची अंमलबजावणी होणार नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये या कायद्याची जी पहिली कलमं लागू झाली त्यांत ही दोन नव्हती.

म्हणून आमची वाट दुसरी. तयार कागद घेऊन दोन्ही घरं तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं, प्रकरण म्हणून अर्ज करतात आणि लोकअदालतीत तडजोड नोंदवून घेतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. कोर्ट फी लागत नाही. आमच्या कागदातली कलमं मापात आणि तारखेत असतील तर तिथलं पॅनेल ती जवळजवळ तशीच उतरवून घेतं. मोघम असतील तर निवाडाही मोघम होतो आणि बजावणीच्या वेळी बेलिफाला काय मोकळं करायचं तेच कळत नाही. निवाडा मिळाला की रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी म्हणून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. हे शेवटचं पाऊल लोक विसरतात आणि जमीन विकली गेल्यावर नवा मालक 'मला काही माहीत नाही' म्हणतो.

जमिनीची मालकीच बदलणार असेल तर नोंदणीकृत दस्ताला पर्याय नाही. एकाच्या नावची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, असं बारा वर्षांहून अधिक काळ चालत असेल तर २०२३ च्या जानेवारीत आलेली सलोखा योजना नेमकी त्यासाठीच आहे. तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा, मग अदलाबदलीचा दस्त, मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. अशी प्रकरणं आली की आम्ही रस्त्याची चर्चा बाजूला ठेवून आधी ताबा आणि नाव यांचा मेळ घालून घेतो. मूळ दुखणं पुष्कळदा तेच असतं.

मोहिमांबद्दल एक सांगायला हवं. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनं गावोगाव समित्या उभ्या केल्या आणि वाद नोंदवहीत आणायची सवय लावली, ते मोठं काम आहे. आमच्यापैकी काहीजण त्याच समित्यांतून घडले. पण जिथे बक्षिसासाठी मिटलेल्या तंट्यांची संख्या मोजली जाते, तिथे पेरणीच्या आदल्या दिवशी दोघांना हात मिळवायला लावून फोटो काढण्याचा मोह होतो. आमच्या वहीत 'मिटला' असा रकाना नाही. त्याऐवजी तीन तारखांचे रकाने आहेत: पंधरा दिवसांनी, पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि पहिला माल बाहेर काढल्यावर. तिन्ही वेळा एकजण बांधावर जाऊन येतो.

पंधरा दिवसांनी मुरूम पडलाय का ते पाहायचं. सुगीनंतर वळणावरच्या ओळी शाबूत आहेत का ते. पावसानंतरच्या फेरीत मात्र टेप न्यावा लागतो, कारण चिखल झाला की ट्रॅक्टरवाला रस्ता सोडून कडेच्या कोरड्या रानातून चाक घालतो आणि आठ फुटांचे दहा होतात. तेव्हा कुणाला दोष न देता दोन्ही घरांना बोलावून चाकोरी दाखवायची. वहीत नोंद अशी जाते: 'रस्ता चालू. रुंदी तीन जागी मोजली, ८, ८ आणि ९.५. ओढ्याकडच्या नळीच्या तोंडाशी गाळ, पाणी तुंबतंय. दोन्ही घरांना सांगितलं. दोन ट्रॉल्या मुरूम आणखी लागेल, निम्मा-निम्मा, रविवारपर्यंत. सोमवारी पुन्हा जाणे.'